वाळवंटात क्वाड बाईक चालवायची आहे? जाण्याआधी हे वाचा

भुईकोट

नमस्कार मंडळी. हिवाळा जवळ आला की आपल्या सोलापुरातून राजस्थानला जाणाऱ्यांची गर्दी वाढते, आणि मला सगळीकडून एकच प्रश्न येतो: जैसलमेरला वाळूवर ती चार चाकांची क्वाड बाईक मिळते ती कशी असते, चालवावी का? मी थारमध्ये सम आणि खुरी दोन्हीकडं चालवली आहे, दुबईजवळच्या लाल वाळूतही चालवली आहे. हा प्रकार मला मनापासून आवडतो. सगळ्यांनी एकदा तरी चालवावी असं वाटतं, म्हणून धागाच काढतोय.

मुद्द्याचं आधी सांगतो. क्वाड ही मोटरसायकल नाही. दिसते तशी, हँडल तसंच, बसायचंही पाय फाकवूनच. त्यामुळं वर्षानुवर्षं दुचाकी चालवलेल्या माणसाला वाटतं यात शिकायचं काय. आणि वाळूवर आधी आडवा होतो तो तोच. ज्यानं कधी गाडी चालवलेली नाही तो निदान ऐकून तरी घेतो.

फरक कुठं आहे बघा. दुचाकी वळणावर स्वतः झुकते. क्वाड झुकत नाही, ती चार चाकांवर ताठ उभी असते आणि वळताना सगळा भार बाहेरच्या चाकांवर जातो. म्हणून झुकायचं आपण. उजवीकडं वळायचं तर सीटवरून बूड थोडं उजवीकडं सरकवायचं आणि खांदा आत घ्यायचा. नुसतं हँडल फिरवून बसून राहिलात तर आतली चाकं उचलली जातात.

दुसरी सवय पाय टेकण्याची. दुचाकी कलली की आपला पाय आपोआप खाली जातो, डोक्याला विचारतसुद्धा नाही. क्वाडवर पाय खाली गेला की मागचं चाक त्याच पायावर चढतं. गाडी कितीही कलू दे, पाय पायठाणावरच.

तिसरी गोष्ट रेस देण्याची. इथं मूठ पिळायची नसते. उजव्या अंगठ्याखाली एक खटका असतो, तो दाबला की गाडी पळते. भीती वाटली की माणूस हँडल आवळून धरतो, त्यात अंगठाही दाबला जातो आणि थांबायच्या वेळी गाडी उसळते. म्हणून पहिली काही मिनिटं सपाट जागेवर फक्त हेच करायचं: रेस दे, सोड, थांब. गाडी देणारा माणूस घाई करत असेल तर त्याला स्पष्ट सांगा की एवढं झाल्याशिवाय टेकडीवर येणार नाही.

आता वाळूच्या टेकड्या. तिकडं त्यांना धोरे म्हणतात. वारा ज्या बाजूनं येतो ती बाजू लांब आणि सौम्य चढाची असते, वाऱ्यानं दाबून घट्ट बसलेली. माथ्यापलीकडची बाजू एकदम कोसळती, ३० ते ३४ अंशांच्या उताराची. कोरडी वाळू याहून उभी राहूच शकत नाही, म्हणून ती बाजू सतत घसरायच्या बेतात असते. चढताना माथ्यापर्यंत पलीकडचं काहीही दिसत नाही. पलीकडं उतार आहे, खड्डा आहे, की खाली बसून कुणी फोटो काढतंय, काही कळत नाही. त्यामुळं माथ्यावरून उडी मारायचा मोह कितीही झाला तरी पुढचा माणूस वर पोचून हात करेपर्यंत खालीच थांबायचं. मागं उंच काठीला झेंडा लावतात तो शोभेसाठी नसतो. पलीकडून येणाऱ्याला तुमच्याआधी तो दिसतो.

चढावर मध्येच गाडीचा दम गेला तर तिथंच वळवायची नाही. आडवी झाली की उलटलीच. ब्रेक दाबून धरा, चढाच्या बाजूनं उतरा आणि सोबतच्या माणसाला हाक मारा. उतरताना गाडीचं तोंड सरळ खाली, अंग मागं, रेस अगदी कमी.

हंगाम ऑक्टोबर ते मार्च. आपण ४३ अंशांत वाढलेली माणसं, आपल्याला ऊन काय करणार, असं म्हणून मे महिन्यात जाऊ नका. आपल्याकडं घाम अंगावर दिसतो. तिथल्या कोरड्या वाऱ्यात तो दिसायच्या आधी वाळतो आणि पाणी किती गेलं ते लक्षातच येत नाही. दिवसातली वेळ म्हणाल तर सकाळची. रात्रीच्या गारव्यानं वाळू थोडी बसलेली असते, चाक कमी रुततं. संध्याकाळी सूर्यास्ताचे फोटो चांगले येतात हे खरं, पण तेव्हा गर्दी, सैल वाळू आणि डोळ्यावर ऊन ही तिन्ही एकदम येतात. डिसेंबर-जानेवारीत रात्री मात्र कडक थंडी पडते. सोलापुरी चादर बरोबर घ्या, तंबूतल्या पांघरुणावर भागत नाही.

जायचं कसं: आपल्याकडून मुंबई, तिथून वांद्रे टर्मिनसवरून सूर्यनगरी एक्सप्रेसनं जोधपूर, पुढं रेल्वेनं किंवा रस्त्यानं जैसलमेर. सम तिथून पश्चिमेला ४० किलोमीटरच्या आसपास. प्रवास लांबचा आहे, कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून न्या, गाडीतल्या जेवणाची काळजी मिटते.

विचारा काय विचारायचं ते.

कंबर_तलाव

अण्णा, फार उपयोगी लिहिलंय. आम्ही दोघं नवरा-बायको जानेवारीत, गड्डा यात्रा झाली की निघतोय. एकाच गाडीवर दोघं बसलो तर चालेल का? तिथं सगळे तसेच बसलेले दिसतात फोटोत. तिला चालवायची भीती वाटते.

भुईकोट

बसू नका. बहुतेक क्वाड एका माणसासाठी बनवलेल्या असतात. सीट लांब असते ती चालवणाऱ्याला पुढंमागं सरकता यावं म्हणून. चढावर पुढं आणि उतारावर मागं सरकायचं असतं. मागं दुसरं माणूस बसलं की ही सरकायची जागाच संपते. शिवाय चढावर सगळं वजन मागच्या चाकांमागं जातं, पुढचं तोंड उचललं जातं आणि गाडी दोघांच्या अंगावर येते. दोघांसाठी म्हणून बनवलेली लांब चेसिसची क्वाड असते, पण ती भाड्यानं देणाऱ्यांकडं क्वचित दिसते.

वहिनींना भीती वाटत असेल तर दोन मार्ग आहेत. एक, त्यांना वेगळी लहान इंजिनची गाडी घ्या आणि फक्त सपाट वाळूवर चालवू द्या. माझा अनुभव असा की ज्यांना भीती वाटते त्या पहिल्या फेरीनंतर उतरायलाच तयार नसतात. दोन, खुरीला जा. तिथं समपेक्षा गर्दी कमी, शिकायला निवांत जागा मिळते.

आणि एक फार महत्त्वाचं. ओढणी, पदर, लोंबणारं उपरणं, काहीही मोकळं नको. मागच्या आसात किंवा साखळीत कापड गेलं की थेट गळ्याला ओढ बसते. तोंडावर बांधायला चौकोनी रुमाल घ्या, गाठ मागं मारा आणि टोकं कॉलरच्या आत खोचा.

होटगी_नाका

भुईकोट अण्णा, लई बरोबर लिवलंय. मी गाड्यांचं काम करतो, म्हणून मशीनचं सांगतो. लोकं गाडी बगत नाहीत, रंग बगतात. घ्यायच्या आधी दोन मिनटं मोडून एवढं बगा:

टायर आधी. क्वाडच्या टायरात हवा किती असती म्हायती हाय का? चार-पाच पीएसआय. आपल्या कारला ३० च्या आसपास लागती. एवढी कमी हवा म्हणून टायर पसरतंय आणि वाळूवर तरंगतंय. आता कमी हवेत एका टायरात तीन आणि दुसऱ्यात सहा असली तर डोळ्याला काय दिसत नाही, पण गाडी एका अंगाला ओढती. दोन्ही मागची टायरं अंगठ्यानं दाबून बगा, सारखी दबली पायजेत.

मग रेसचा खटका. गाडी बंद असताना दाबून सोडा. टक्कन परत आला पायजे. वाळू जाऊन तो अडकतोय, आणि अडकला की रेस चालूच राहती. तसा वाटला तर ती गाडी घिऊच नका, दुसरी मागा.

मग लाल बटण, इंजिन बंद करायचं. कुठं हाय ते डोळं मिटून सापडलं पायजे. काही गाड्यांना मनगटाला बांधायची दोरी असती, माणूस पडला की दोरी निघून इंजिन बंद. ती असंल तर बांधाच.

ब्रेक दोन्ही तपासा, हाताचा आणि पायाचा.

आणखी एक. वाळूत रुतली तर रेस देऊन देऊन चाक फिरवू नका. फिरवलं तेवढं खाली जातंय. खाली उतरा, चाकांम्होरची वाळू हातानं काढा, गाडी पुढंमागं हलवा आणि मग हलकी रेस. बारीक वाळू एअर फिल्टरला बसली की इंजिन गुदमरतंय, आणि हळू चालवताना वारा लागत नाही म्हणून तापतंय पण. मधी थांबून गार होऊ द्या. सायलेन्सर पोटरीजवळ असतोय, हाफ पँट घालून बसू नका.

शारजावाला

मूळ सोलापूरचा, आता बरीच वर्षं शारजात नोकरीला. इकडं येणाऱ्यांसाठी थोडी भर घालतो.

इकडची क्वाडची मुख्य जागा म्हणजे दुबईहून हत्ताकडं जाणाऱ्या रस्त्यावरची मोठी लाल टेकडी, ‘बिग रेड’ म्हणून सगळे ओळखतात, आणि अलीकडं लाहबाबचं वाळवंट. वाळूत लोहाचा अंश आहे, त्यावर गंज चढून तो लाल रंग आलाय. सकाळी कोवळ्या उन्हात तो रंग एवढा गडद दिसतो की पहिल्यांदा येणारा माणूस गाडी विसरून तिकडंच बघत उभा राहतो.

पण या जागा थारपेक्षा मोठ्या आणि जास्त धोक्याच्या आहेत. क्वाड, डून बग्गी आणि मोठ्या जीपगाड्या सगळ्या एकाच टेकडीवर फिरत असतात. बग्गीचा वेग आणि वजन क्वाडपेक्षा कितीतरी जास्त. त्यामुळं वाटाड्यासोबत, रांगेत चालणाऱ्या गटातच जा. वाटाड्याच्या चाकाच्या खुणेवरूनच आपलं चाक न्यायचं, शेजारून नाही. रांग सोडून फोटोसाठी बाजूच्या टेकडीवर जाणारे लोक मी दर आठवड्याला बघतो आणि प्रत्येक वेळी काळजी वाटते.

उन्हाचं भुईकोट यांनी सांगितलंच आहे. इथलं एक उदाहरण देतो. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर उन्हात कामगारांकडून काम करून घ्यायला इथल्या सरकारची बंदी आहे. ज्यांना त्या उन्हाची सवय झालीय त्यांनाही जिथं सावलीत बसवतात, तिथं पर्यटकानं त्या वेळेत वाळूवर जाऊ नये.

कागदाचं पण बघा. गाडी देण्याआधी एका फॉर्मवर सही घेतात. इजा झाली तर जबाबदारी तुमची, असं त्यात लिहिलेलं असतं. लोक न वाचता सही करतात. आणि आपण भारतातून घेतलेल्या प्रवास विम्यात साहसी खेळ वगळलेले असण्याची शक्यता फार असते. विमा घेतानाच ‘क्वाड बाईक’ हे शब्द घालून विचारा आणि उत्तर लेखी घ्या. इथं रुग्णवाहिकेसाठी ९९८ आणि पोलिसांसाठी ९९९.

शेंगाचटणी

सगळ्यांचं वाचून बरं वाटलं. माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे, मुलगी आठवीत. दोघांनी व्हिडिओ बघून हट्ट धरलाय. आमच्या ओळखीतले एक जण म्हणाले की तिथं मुलांनाही देतात, सोबत माणूस बसतो. पाठवावं का? मला मनातून नको वाटतंय, पण मुलांना नुसतं नाही म्हणायला कारण पाहिजे.

अस्थिवैद्य

ताई, तुमच्या मनाचं ऐका. मी हाडांचा डॉक्टर आहे, कारणं मी देतो, ती मुलांना तशीच्या तशी सांगा.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची भूमिका स्पष्ट आहे: १६ वर्षांखालच्या मुलांनी असली गाडी चालवू नये आणि तिच्यावर मागंही बसू नये. मोठ्यांची क्वाड २०० ते ३०० किलोंची असते. ती सांभाळायला अंग उजवीडावीकडं फेकावं लागतं, आणि अकरा वर्षांच्या मुलाच्या वजनानं गाडीला काहीच फरक पडत नाही. ती कलायला लागली की तो तिला सावरू शकत नाही. मुलाची हिंमत किंवा हुशारी इथं उपयोगाची नाही, वजनच कमी पडतं. आणि सोबत माणूस बसणं हा उपाय नव्हे. एकाच्या गाडीवर दोघं बसल्यानं काय होतं ते वर आलंच आहे.

आता मोठ्यांसाठी. क्वाडच्या अपघातात माणूस पडून लागण्यापेक्षा गाडी त्याच्यावर उलटल्यानं होणारी इजा जास्त गंभीर असते. छाती दाबली जाते, श्वास घेता येत नाही. ऑस्ट्रेलियात शेतीच्या कामाला या गाड्या फार वापरतात, आणि तिथं उलटून होणारे मृत्यू इतके वाढले की ऑक्टोबर २०२१ पासून नवी शेतीची क्वाड विकायची तर चालकाच्या मागं संरक्षक कमान बसवणं सक्तीचं झालं. गाडी उलटली तरी कमानीमुळं चालकाला थोडी जागा मिळावी, हा हेतू. आपल्याकडं भाड्याच्या गाड्यांना ती कमान मला कुठं दिसलेली नाही, त्यामुळं उलटणार नाही अशा जागी चालवणं हाच उपाय.

वाळू मऊ म्हणून हाड मोडत नाही हा समज काढून टाका. टेकडीच्या माथ्यावरून उडून गाडी सपाट आदळली की तो दणका सीटमधून थेट पाठीच्या मणक्यात जातो. कंबर आणि पाठ जिथं मिळते तिथला मणका दाबला जाऊन मोडतो. म्हणून खडबडीत जागी बसून राहू नका. पायठाणावर किंचित उभं राहा, गुडघे वाकवा, दणका मांड्यांनी झेला. गरोदर स्त्रिया, कंबरेचं ऑपरेशन झालेले, हाडं ठिसूळ झालेले आणि रक्त पातळ होण्याची गोळी घेणारे, यांनी चालवूच नये.

हेल्मेट डोक्यावर ठेवून उपयोग नाही, हनुवटीखालचा पट्टा आवळलेला पाहिजे. तिथल्या हेल्मेटचे पट्टे पुष्कळदा तुटलेले असतात. स्वतःचं हेल्मेट आणि धुळीचा चष्मा घेऊन जा असं मी सांगेन. सामानात जागा जाते, जाऊ दे.

शेंगाचटणी

डॉक्टरसाहेब, खूप आभार. हेच वाचून दाखवलं दोघांना. मुलीला पटलं. मुलगा अजून रुसलाय.

भुईकोट

ताई, त्याला उंटावर बसवा आणि तंबूवाल्याच्या जीपमधून, पट्टा लावून, हळू चालवायच्या बोलीवर धोऱ्यांवरून फिरवून आणा. आणि एक काम त्याच्याकडं द्या. पहाटे वाळूवर खुणा शोधायच्या. खोकड, सरडे, शेणकिडे, साप, रात्रभर सगळ्यांचं येणं-जाणं वाळूवर उमटलेलं असतं. गाड्या सुरू झाल्या की ते पुसलं जातं. मुलं यात फार रमतात, मी बघितलंय.

रॅलीवेडा

डाकार रॅलीचं कुणीच कसं लिहिलं नाही! क्वाड वाळवंटात कुठवर जाऊ शकते हे बघायचं तर ती रॅली. पहिली डाकार १९७८ च्या डिसेंबरात पॅरिसहून निघाली होती, २०२० पासून ती सौदी अरेबियात होते. तिथं क्वाडचा स्वतंत्र गट होता, दोन आठवडे, हजारो किलोमीटर, सगळं उघड्यावर. २०२४ नंतर तो गट बंद झाला याचं मला अजून वाईट वाटतं. त्याच २०२४ मध्ये आपल्या हरिथ नोआनं मोटरसायकलच्या रॅली-२ गटात पहिला नंबर काढला. भारतीय माणूस तिथं जिंकू शकतो हे बघून अंगावर काटा आला होता. ज्यांना खरंच शिकायचंय त्यांनी या रॅलीचे व्हिडिओ बघताना चालकाच्या गाडीकडं नाही, त्याच्या खांद्याकडं आणि कंबरेकडं बघावं. सगळं शिक्षण तिथं आहे.

नवीपेठ

सगळं वाचलं. आता माझा प्रश्न. आपल्याकडं अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर, तिन्हीकडं जाणारे भाविक सोलापुरावरून जातात. एवढी माणसं येतात, पण इथं थांबून करायला काही नाही म्हणून पुढं जातात. चार-पाच क्वाड घेऊन शहराबाहेर माळावर ट्रॅक सुरू केला तर? नान्नजच्या बाजूला मोकळा, ओसाड माळ भरपूर पडलाय. वाळवंट नाही, पण उजाड तर आहेच. पोरांना काम मिळेल. मनापासून विचारतोय, कुणाला अनुभव असेल तर सांगा.

माळावरचा

नवीपेठ, तुमची पोरांना काम मिळावं ही तळमळ पटते, म्हणून सविस्तर लिहितो. राग मानू नका.

नान्नजचा माळ ओसाड नाही. मी बरीच वर्षं तिथं पक्षी बघायला जातो. १९७९ साली तिथं माळढोक अभयारण्य झालं. आधी कागदावर ते ८ हजार ४९६ चौरस किलोमीटरचं होतं, गावंच्या गावं त्यात होती, त्यामुळं लोकांचा रोष झाला आणि पुढं २०१२ मध्ये ते १ हजार २२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. उरलेल्यातला खरा गवताळ तुकडा त्याहून कितीतरी लहान. त्या तुकड्यात लांडगा आहे, काळवीट आहे, खोकड आहे, चंडोल, धाविक, पखुर्डी आहेत. यातले बहुतेक पक्षी झाडावर घरटं करत नाहीत, उघड्या जमिनीवर अंडी घालतात. अंड्याचा रंग मुरमासारखाच. तुम्ही वाकून बघितलं तरी दिसत नाही, चालत्या क्वाडवरून तर शक्यच नाही.

माळढोक तर पावसाळ्यात बहुधा एकच अंडं घालतो, तेही जमिनीवरच. आपल्या जिल्ह्याची ओळख असलेला हा पक्षी आता इथं दिसणं जवळजवळ संपलंय. देशात जे उरलेत त्यातले बहुतेक जैसलमेरकडं आहेत. तिकडं त्याला गोडावण म्हणतात, तो राजस्थानचा राज्यपक्षी. आणि हे वाळूवर फिरायला जाणाऱ्या सगळ्यांसाठी सांगतो: सम आणि खुरी ज्या पट्ट्यात आहेत त्याच पट्ट्यात ३ हजार १६२ चौरस किलोमीटरचं डेझर्ट नॅशनल पार्क आहे. तुमचा वाटाड्या धोरे सोडून गवताच्या सपाटीवर गाडी घालायला लागला तर त्याला थांबवा. हलत्या वाळूवरची खूण वारा पुसतो. कडक सपाटीवरची पुसत नाही. नामिबियात खडीच्या सपाट वाळवंटावर गेलेल्या गाड्यांच्या खुणा कित्येक दशकं तशाच दिसतात, कारण तिथल्या मातीवर जिवंत साय असते, तिच्यात दगडफूल आणि सूक्ष्म जीव असतात, आणि एकदा मोडली की ती पुन्हा धरायला माणसाचं आयुष्य जातं.

शारजावाल्यांच्या दुबईनं २००३ मध्ये २२५ चौरस किलोमीटर वाळवंट राखीव करून टाकलं, तिथं कुणीही मनाला येईल तशी गाडी घालू शकत नाही, आणि आज त्यात अरबी ऑरिक्स हरणं मोकळी फिरतात. ज्यांच्याकडं वाळवंटाशिवाय दुसरं काही नव्हतं त्यांना त्याची किंमत कळली. आपला माळ आपल्याला कळावा एवढंच मागणं आहे.

शारजावाला

माळावरचा, अगदी खरं. तिथं ऑरिक्स बघितलेत मी, रस्त्यापासून थोड्याच अंतरावर.

होटगी_नाका

पक्ष्याचं माळावरच्या दादांनी सांगितलं, मी गाडीचं सांगतो. नवीपेठ भाऊ, वाळूवरची क्वाड आणि मुरमावरची क्वाड यात लई फरक पडतोय.

भाड्याच्या साध्या क्वाडचा मागचा आस अखंड असतोय. कारला डिफरन्शियल असतंय, वळताना आतलं चाक हळू आणि बाहेरचं जोरात फिरतंय. इथं तसलं काय नाही, दोन्ही चाकं एकाच वेगानं फिरणार. वळताना एका चाकाला घसरावंच लागतंय. वाळूवर ते आरामात घसरतंय. वाळू चूक पोटात घालती. मुरूम घालत नाही. कडक जमिनीवर चाक धरून बसतंय, गाडी आधी सरळच जाती, माणूस घाबरून हँडल आणखी पिळतोय, मग एकदम धरती आणि उलटती. डांबरावर तर त्याहून वाईट.

आणि रस्त्यावर तर काढताच येत नाही. भाड्याच्या असल्या साध्या क्वाडची आपल्याकडं रस्त्यासाठी नोंदणी होत नाही. ट्रॅकवर न्यायची तर टेम्पोत घालून न्यायची. हे खर्चात धरलं पायजे.

नवीपेठ

माळावरचा, राग कशाला? अंडी जमिनीवर घालतात हे मला माहीतच नव्हतं. लहानपणापासून त्या रस्त्यानं जातोय, गवत वाळलेलं दिसतं म्हणून ओसाड समजत होतो. नान्नजचा विचार सोडला.

पण आमची स्वतःची पडीक जमीन आहे, अभयारण्यापासून लांब, अक्कलकोट रस्त्याच्या बाजूला, पूर्वी मुरूम काढलेली. तिथं केलं तर? होटगी_नाका म्हणतात ती मुरमाची अडचण कशी सोडवायची?

होटगी_नाका

जमीन घरची असंल तर बगता यील. अट एकच, वेग कमी. ट्रॅक रुंद, वळणं मोठी, मध्ये कुठं चढ-उतार नको. वरचा थर नांगरून भुसभुशीत ठेवायचा, रोज पाणी मारून धूळ बसवायची. खाणीची कड असंल तिथं नुसती दोरी बांधून चालणार नाही, मातीचा बांध घालायचा. रेसच्या खटक्याला स्क्रू असतोय, तो आवळला की खटका अर्ध्यावरच थांबतोय. नव्या माणसाला तेवढंच द्यायचं. येऊन बगतो एकदा, कुठल्या दिवशी येऊ ते सांगा. पाण्याचं काय करणार ते पण ठरवा, आपल्याकडं उन्हाळ्यात प्यायला चार दिसांनी येतंय.

अस्थिवैद्य

आणि १६ वर्षांखाली कुणालाही नाही, ही पाटी पहिल्या दिवसापासून लावा. भाविकांच्या गाडीत मुलं असणारच, आईवडीलच आग्रह करतील. तिथं नमलात तर बाकीची सगळी काळजी वाया. प्रथमोपचार शिकलेला एक माणूस कायम हजर ठेवा. शिकवायला मी येतो.

माळावरचा

नवीपेठ, काम सुरू करण्याआधी जागा एकदा मला दाखवा. जुन्या मुरमाच्या खाणीत पावसाळ्यात पाणी साठतं, आणि कडेच्या मातीत वेडे राघू बिळं करून राहतात. असतील तर ती कड सोडून ट्रॅक आखता येईल.

नवीपेठ

या की सगळे. पुढच्या रविवारी सकाळी ठेवू. भुईकोट अण्णा, तुम्हीपण पाहिजे. जेवण आमच्या शेतात, हुरडा सुरू झालेला असेल.

भुईकोट

येतो नक्की.

कंबर_तलाव, तुम्ही निघायच्या आधी शेवटचं. फोनवर ठरवताना भाव विचारण्याआधी हे विचारा: फेरी किती मिनिटांची, त्यात शिकवायचा वेळ धरला आहे का, वाटाड्या स्वतःच्या वेगळ्या गाडीवर असतो का, आणि हेल्मेट देतात का. भाव हंगामाप्रमाणं बदलतो, मागितलेला पहिला आकडा कधीच शेवटचा नसतो. पण वाटाड्या मिळणार नाही असं म्हणाला तर भाव कितीही पाडला तरी ती गाडी घेऊ नका.

कंबर_तलाव

विचारलं, अण्णा. पहिल्यानं सांगितलं वाटाड्या कशाला, आपण खुशाल फिरा. त्याला नको म्हटलं. दुसऱ्यानं खुरीला दोन वेगळ्या गाड्या, सकाळी सातची वेळ आणि पुढं वाटाड्या असं कबूल केलंय. हेल्मेट आम्ही इथूनच दोन नेतोय. बायकोनं आजपासूनच चौकोनी रुमाल काढून ठेवलाय.